संदर्भासहित स्पष्टीकरण

शाळेत मराठीच्या पेपरात ‘संदर्भासहित स्पष्टीकरण द्या’ असा एक प्रश्न असायचा. स्पष्टीकरणाचं फारसं काही खरं नसे, पण संदर्भ बरोबर लिहिला की निम्मे गुण पदरात पडत. कविता कळो न कळो, ती कोणाची आणि कुठून घेतली एवढं घोकून मुलं पास होत. तो प्रश्न आता पेपरातून उठून सोफ्यावर येऊन बसला आहे. माझ्या भाच्याच्या रूपानं.

भाचा आकुर्डीला इंजिनिअरिंग करतो आणि उरलेल्या वेळात सिनेमे पाहतो, असं त्याची आई समजते. प्रत्यक्षात उलट आहे. त्याच्याबरोबर सिनेमा पाहायचा म्हणजे रिमोट त्याच्या हातात आणि सिनेमा त्याच्या मर्जीवर. पडद्यावर कोणी जिना उतरू लागलं की ‘पॉज!’ हा जिना मूळ कुठल्या सिनेमातला, तिथं तो कोण उतरलं होतं आणि तेव्हा कॅमेरा कुठं होता, हे आम्ही ऐकून घेईपर्यंत त्या बिचाऱ्याचा एक पाय हवेत. दाजी म्हणतात, याच्यापेक्षा नाशिक फाट्याचा सिग्नल बरा, तो निदान सुटतो.

बहिणीचं घर मोशीला. ताई भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते. दाजी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, दाजींची रविवारी. भाच्याला शनिवार-रविवार दोन्ही, आणि ते तो झोपेत काढतो. एवढी माणसं एकाच वेळी घरात आणि शुद्धीवर सापडायची तर राष्ट्रीय सणच लागतो. सणासुदीला सगळ्या घरानं मिळून बघायचा खास कार्यक्रम साहेबानं नाताळासाठी काढला असेल, पण त्याची खरी गरज आमच्या पट्ट्यात आहे. २०२५ सालचा २६ जानेवारी रविवारी आला. दाजींची एक सुट्टी बुडाली, ताईला एक मिळाली. झेंडावंदन झालं, जिलबी झाली, आणि भाच्यानं जाहीर केलं की आज ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’चा नवा सिनेमा बघायचा.

‘व्हेंजन्स मोस्ट फाउल’ हे त्याचं नाव. ब्रिटनमध्ये २०२४ च्या नाताळाच्या दिवशी तो बीबीसीवर दाखवला गेला आणि ३ जानेवारीला नेटफ्लिक्सवरून मोशीत पोचला. वॉलेस हा चीजवर जीव असलेला, टक्कल पडलेला हौशी संशोधक. ग्रॉमिट हा त्याचा कुत्रा. तो एक अक्षर बोलत नाही, आणि घरातली सगळी अक्कल त्याच्याकडे आहे. दोघंही मळलेल्या रंगीत मातीचे. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे चोवीस फोटो भर्रकन दाखवले की पडद्यावरचा एक सेकंद भरतो. एक कलाकार दिवसभर राबून जेमतेम दोन-चार सेकंदांचा माल काढतो, असं भाच्यानं अभिमानानं सांगितलं. दाजींचा चेहरा पडला. “दिवसाला चार सेकंद? आणि लाइन बंद नाही करत?”

या सिनेमाची खोडी अशी की त्यात जागोजागी दुसऱ्या सिनेमांच्या नकला पेरून ठेवलेल्या असतात. मुलांनी कुत्र्याला हसावं आणि बापांनी नकलेला, अशी सोय. म्हणजे भाच्यासाठी पंगतच मांडलेली.

खलनायक फेदर्स मॅकग्रॉ नावाचा पेंग्विन. १९९३ च्या ‘द राँग ट्राउझर्स’मध्ये तो वॉलेसच्या घरात भाडेकरू म्हणून शिरला होता आणि निळ्या हिऱ्याची चोरी करताना पकडला गेला. आता तो शिक्षा भोगतो आहे, आणि पेंग्विनाचा तुरुंग म्हणून त्याला प्राणिसंग्रहालयात ठेवलं आहे. “आपल्या बहिणाबाई चौधरीत?” माझ्या आईनं विचारलं. चिंचवडच्या संभाजीनगरातल्या प्राणिसंग्रहालयाला आमच्याकडे एवढंच म्हणतात. कोठडीत हा पठ्ठ्या अंग कमावतो. पॉज! ‘केप फिअर’, रॉबर्ट डी नीरो, १९९१. पुढं तो मांडीवर सीलचं पांढरं पिल्लू घेऊन कुरवाळत बसतो. पॉज! जेम्स बाँडचा शत्रू ब्लोफेल्ड, त्याच्या मांडीवर पांढरं मांजर असायचं.

“निळू फुले,” आई म्हणाली.

भाच्यानं रिमोट खाली ठेवला. आईचं म्हणणं असं की हा पेंग्विन बोलत नाही, हसत नाही, नुसता दारात उभा राहून बघतो; असं दारात उभं राहून थिएटरातल्या बायकांना पदर सावरायला लावणारा माणूस जगात एकच झाला. हा त्याच्यावरूनच घेतला आहे. दिग्दर्शक निक पार्क इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा, त्यानं निळू फुले बघितलेले असणं शक्य नाही, असं भाच्यानं परोपरीनं सांगितलं.

“मग त्याचं राहून गेलं,” आई म्हणाली आणि जिलबीचा तुकडा मोडला.

जुन्या सिनेमात हा पेंग्विन डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवतो आणि सगळं गाव त्याला कोंबडी समजतं. पोलिसांच्या पोस्टरवरसुद्धा कोंबडीच. हे भाच्यानं मागची गोष्ट समजावी म्हणून सांगितलं, तर आईनं ताबडतोब ‘अशी ही बनवाबनवी’ ओळखला. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे लुगडी नेसून घरात वावरतात आणि कोणाला कळत नाही. इथं मोजा घातला तर कळत नाही. ‘बनवाबनवी’ १९८८ चा, पेंग्विन त्यानंतरचा. मग कोणी कोणावरून उचललं? भाच्यानं शेवटचा बाण काढला: ‘बनवाबनवी’ मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला आहे. आईवर त्याचा परिणाम झाला नाही. ज्याची साडी चांगली बसली त्याचा सिनेमा, असा तिचा सरळ हिशेब आहे, आणि मला तो पटतो.

पण खरा प्रसंग पुढंच घडला. साहेबाच्या बागेत टोपीवाले, दाढीवाले बुटके ठेवायची पद्धत आहे. वॉलेस तसा एक चालता-बोलता यांत्रिक बुटका बनवतो, नॉरबॉट. गवत काप म्हटलं की काप, कुंपण छाट म्हटलं की छाट, आणि सगळं हसतमुखानं. ग्रॉमिटनं जीव लावून वाढवलेली बाग तो अर्ध्या दिवसात चौकोनी करून ठेवतो. मग तुरुंगातल्या पेंग्विनाच्या हाती त्या यंत्राची सूत्रं जातात, तो चांगल्यावरची खूण वाईटावर नेतो आणि बुटक्याची नजर फिरते. भाच्यानं ‘पॉज’साठी श्वास घेतला. तो बहुधा काहीतरी परदेशी, मोठ्या दिग्दर्शकाचं सांगणार होता. तेवढ्यात आई, ताई आणि दाजी, ज्यांचं गेल्या कित्येक वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही, तिघंही एका सुरात ओरडले:

“तात्या विंचू!”

यावर अपील नाही. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’त गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो; गुंड दिलीप प्रभावळकर, बाहुला रामदास पाध्यांचा. त्या बाहुल्यानं महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला रात्री एकट्यानं मोरीत जाऊ दिलं नाही. भाचा हळूच म्हणाला की तोसुद्धा ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकन सिनेमावरून सुचलेला. असेल. पण त्या अमेरिकन बाहुल्याला बाबा चमत्कार भेटले नव्हते. आणि गंमत म्हणजे ‘झपाटलेला’ही १९९३ चाच. तिकडे ब्रिस्टलच्या स्टुडिओत मातीचा पेंग्विन हिरा चोरत होता तेव्हा इकडे आमचा विंचू लक्ष्याच्या मागे लागला होता. एकाच वर्षी दोन दुष्ट बाहुल्या जन्मल्या, दोघींची नजर सारखीच थंड, आणि एकीला दुसरीची खबर नाही. हा योग भाच्याच्या कुठल्याच यादीत नव्हता. त्यानं तो मोबाईलवर टिपून घेतला आणि नंतर मित्रांना स्वतःचा म्हणून सांगितला, असं ताईकडून कळलं.

दाजी मात्र एवढं ओरडून पुन्हा गप्प झाले होते. दाजी सिनेमा बघत नाहीत, इन्स्पेक्शन करतात. सबंध आयुष्य ओके माल इकडे आणि खराब माल लाल बिनमध्ये टाकण्यात गेलेलं असल्यानं त्यांच्या नजरेला विश्रांती ठाऊक नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पापड पलटून बघतात.

“किल्ली कुठाय?” त्यांनी विचारलं.

कसली किल्ली?

“चांगलं-वाईट असा सिलेक्टर दिलाय ना, मग त्याला किल्ली नको? आमच्याकडं रोबोचा साधा मोड बदलायचा तर किल्ली लागते. आणि हा पेंग्विन बसल्या जागी मोड बदलतोय. बुटक्याला लाल बटण नाही, भोवती जाळी नाही. पाहुणं, हा माणूस सेफ्टी ऑडिटला पहिल्या मिनिटात फेल आहे.”

मग दाजी सुटलेच. वॉलेसला त्यांनी बरोबर ओळखला: जपानला जाऊन आलेला, येताना एक यंत्र घेऊन आलेला साहेब. जे काम ऑपरेटर हातानं नीट करत होता तेच यंत्राकडून करून घ्यायचं आणि सादरीकरणात टाळ्या घ्यायच्या. ग्रॉमिट म्हणजे मेंटेनन्सचा माणूस. त्याला कोणी विचारत नाही, तो कोणाला सांगत नाही, आणि बंद पडलं की मात्र त्यालाच हाक. ग्रॉमिटला तोंडच दिलेलं नाही. जे काय ते भुवयांनी. दाजी म्हणाले, आमच्या मेंटेनन्सच्या सगळ्या पोरांच्या भुवया अशाच असतात.

भाच्याला हे चिडवायला पुरेसं होतं. त्यानं २००८ च्या नाताळातला ‘अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ’ लावला. त्या वर्षी ब्रिटनमधल्या टीव्हीवर सगळ्यात जास्त पाहिला गेलेला कार्यक्रम हाच. त्यात वॉलेस बेकरी चालवतो आणि शहरातले बेकरीवाले एकेक करून मारले जातात. शेवटी फ्लफल्स नावाची बुजरी कुत्री पिवळी फोर्कलिफ्ट घेऊन खुनी बाईवर चाल करून जाते. पॉज! ‘एलियन्स’, १९८६, सिगर्नी वीव्हर अशीच यंत्रात चढून राक्षसिणीशी लढते. आमच्या भाच्याचा हा हुकमी एक्का.

दाजींनी तेवढंच दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. भाच्याला वाटलं, बाप पाघळला.

“फोर्क खाली घेऊन चालवायची असती,” दाजी म्हणाले. “लोड नसताना वर घेऊन पळवली की उलटते. आणि बेल्ट नाही लावलाय.”

चाकणमध्ये फोर्कलिफ्ट सिनेमात बघायची वस्तू नाही. गोदामात ती मागून हॉर्न देत येते आणि आपण शहाण्यासारखं पिवळ्या पट्ट्याच्या आत सरकतो. सिगर्नी वीव्हर कोण हे कळायला सिनेमा पाहिलेला असावा लागतो. बुजऱ्या कुत्रीच्या हातात फोर्कलिफ्ट आल्यावर काय होऊ शकतं हे कळायला मात्र कधीतरी नाइट शिफ्टला डिस्पॅचमध्ये उभं राहिलेलं असावं लागतं. भाचा ओळख पटली म्हणून हसतो. दाजी हसत नाहीत, पण पाय खुर्चीवर घेतात. विनोदकाराला यातलं कुठलं कौतुक जास्त आवडेल हे मला विचाराल तर मी दाजींचे पाय दाखवीन.

आणि हे त्यांचं अगदीच आगंतुक नाही. निक पार्कचं प्रेस्टन हे गिरण्यांच्या लँकशरमधलं, आणि लेलँड नावाचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. ‘अशोक लेलँड’मधलं लेलँड ते हेच. हे सांगितल्यावर दाजींनी टीव्हीकडे जरा आदरानं पाहिलं. “म्हणजे कंपनी एरियातलाच माणूस आहे. तरीच.”

या मातीच्या सिनेमांत बाहुल्यांच्या अंगावर बोटांचे ठसे दिसतात. ते मुद्दाम पुसत नाहीत. हातानं बनवल्याची ती खूण, लोकांना ती आवडते. भाच्यानं एक फ्रेम मोठी करून ग्रॉमिटच्या कपाळावरचा ठसा दाखवला. पेंट शॉपला अंगठ्याचा एवढा ठसा सापडला असता तर सकाळच्या मीटिंगमध्ये कोणाचा अंगठा इथपासून चौकशी सुरू झाली असती, असं दाजी म्हणाले. पण दाजींच्या काळजाला खरा हात घातला तो मातीच्या पुरवठ्यानं. हे सिनेमे करणारं आर्डमन ज्या खास मातीत काम करतं ती बनवणारा टॉर्कीचा छोटा कारखाना २०२३ मध्ये बंद झाला. झालं, आता वॉलेस आणि ग्रॉमिट संपले, अशा बातम्या तिकडच्या वर्तमानपत्रांत झळकल्या, आणि शेवटी आर्डमनला जाहीर करावं लागलं की काळजी नसावी, आमच्याकडे माती भरपूर आहे. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. एकच व्हेंडर, पर्याय नाही, आणि तो एके दिवशी शटर ओढतो: या गोष्टीवर त्यांनी आयुष्यात पाहिलेला हा पहिला सिनेमा. तो अजून कोणी काढलेला नाही, तरी त्यांना तो डोळ्यांपुढं दिसत होता.

एक गोष्ट मी या बापलेकांच्या भांडणात घालून पाहिली, ती दोघांनीही घेतली नाही. हा एकेक फोटोनं हलवायचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमाराला ‘आगकाड्यांची मौज’ केला, त्यात काड्या अशाच एकेक फ्रेमनं हलवल्या होत्या. त्याआधी, ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला भांडवल मिळावं म्हणून, त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून सावकाराला दाखवली होती. पुढं त्यांचा कारखाना नाशिकला, म्हणजे आमच्याच हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. आज त्यांना ते रोप टिपायचं असतं तर घरी कॅमेरा लावून बसायची गरज नव्हती. संध्याकाळची शिफ्ट सुटताना कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसायचं. चाकणच्या तळेगाव चौकात बी पेरलं तर आळंदी फाट्याला शेंगा.

आमच्याकडच्या सणाचा खरा मातीचा सिनेमा मात्र टीव्हीवर नसतो. तो मांडवात असतो. गणपतीतला हलता देखावा हा आमचा नाताळ-विशेष, आणि तो हलतो वायपरच्या मोटरीवर. गाडीच्या काचेवरचं पाणी सारायला जन्मलेली ही मोटर आमच्या पट्ट्यात भंगारात मुबलक मिळते, म्हणून आमच्याकडचे राक्षस नेहमी तलवार अशी फिरवतात की जणू समोर पाऊस आहे. गोष्ट पुराणातली असो की सामाजिक संदेशाची, आवाज सिनेमातलाच. राक्षसाचं हसणं एकतर गब्बरचं नाहीतर मोगॅम्बोचं. तिसरा प्रकार मी ऐकलेला नाही. राजवाडा कुठल्याही युगातला असला तरी खांब ‘बाहुबली’चे. आणि रांगेत प्रत्येक घरातला एक तरी काका पुढच्याला सांगत असतो, हे कशावरून घेतलंय माहितीय का. त्यांच्यातला कोणी ‘पॉज’ म्हणत नाही, कारण मागून स्वयंसेवक शिट्टी मारतो.

तर मोशीच्या सोसायटीनं त्या वर्षीचा देखावा भाच्याकडे दिला. विषय ठरला मोबाईलचं व्यसन. मान खाली घालून बसलेला मुलगा, लाटणं उगारलेली आई, आणि मागं दहा तोंडांचा मोबाईलासुर. दाजींनी नियंत्रणाचं काम अंगावर घेतलं, कारण नॉरबॉटचं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. राक्षसाच्या पोटावर भलंमोठं लाल बटण आलं. भोवती जाळी आली. आणि राक्षस सुरू करायला किल्ली. किल्ली एकच, दाजींच्या खिशात. दुसऱ्याच संध्याकाळी दाजी कंपनीत अडकले, मग रस्त्यात अडकले. आरती झाली, प्रसाद झाला, माजी नगरसेवक येऊन गेले, आणि मोबाईलासुर दहाही तोंडं मिटून उभा. देखाव्याचं सगळ्यात मोठं कौतुक त्या दिवशी झालं. मोबाईल बंद पडल्यावर राक्षस कसा निपचित पडतो हे फार सूचक दाखवलंय, असं एक बाई म्हणाल्या.

भाच्यानं मात्र कोणाला न सांगता कोपऱ्यात एक छोटा पेंग्विन ठेवला होता. शाडूचा, काळा-पांढरा, डोळ्याला दोन मणी, डोक्यावर लाल रबरी मोजा. शहरात ज्या एकाला तो कळेल तो आपला खरा मित्र, असा त्याचा बेत. रोज रात्री तो मांडवाच्या बाजूला खुर्ची टाकून लोकांचे चेहरे न्याहाळत बसे.

लोकांना तो कोंबडा वाटला.

सगळ्यांना. मुलांना, आजोबांना, आरती करायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनासुद्धा. १९९३ मध्ये ज्या मोज्याला गाव फसलं होतं त्याच मोज्याला मोशी फसली, याचा भाच्याला आनंद व्हायला हवा होता. पण ते समजणारा तो एकटाच होता. चौथ्या दिवशी सेक्रेटरी आले. गणपतीपुढं कोंबडा ठेवल्याबद्दल दोन विंगमधून तोंडी तक्रार आली होती, आणि एका सभासदानं तर, प्रसादाच्या जेवणाचा मेनू बदललाय का, असं विचारलं होतं. पेंग्विन आहे हे भाच्यानं सांगून पाहिलं. मग डोक्यावर तुरा कशाला, असं सेक्रेटरी म्हणाले. तो मोजा आहे. मग मोजा कशाला? इथं भाच्यानं संदर्भासहित स्पष्टीकरण द्यायला सुरुवात केली, आणि सेक्रेटरी मधेच उठून वर्गणीच्या पावत्या बघायला गेले.

शेवटी मोजा काढायचं ठरलं. मोजा काढल्यावर लोकांना तो कावळा वाटू लागला. यावर तक्रार आली नाही. उलट अनंत चतुर्दशीच्या रात्री मांडव उतरवताना बाराव्या मजल्यावरचे काका खाली आले आणि भाच्याला बाजूला घेऊन म्हणाले, की दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागतोय, वर गॅलरीत पान ठेवलं तर हल्ली एक कावळा फिरकत नाही, तर तुझा हा पंधरा दिवस देशील का.

भाच्यानं दिला. वर पंखांना हलवायला वायपरची मोटर बसवून देऊ का, असं दाजींनी काकांना विचारलं. काका म्हणाले, नको. पण किल्ली दिलीत तर घेतो.